शनीच्या चंद्रावरील हवेचा हिशेब

ज्या गावाला आपण गेलो नाही त्या गावच्या हवापाण्याविषयी बोलू नये, असा व्यवहारी माणसाचा नियम आहे, आणि एरवी तो चांगलाच आहे. परंतु विज्ञानाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की, जेथे माणसांनी हा नियम समजून उमजून मोडला. सव्वाशे कोटी किलोमीटरांवरच्या एका बर्फाळ चंद्राच्या हवेचा हिशेब त्यांनी कागदावर मांडला, आणि पुढे त्याच हिशेबाच्या भरवशावर एक यान त्या हवेत सोडून दिले. हिशेब साफ चुकला असता तर ते यान वरच्या वर जळाले असते, किंवा खाली पोहोचण्याआधी मुके झाले असते. तसे झाले नाही. का झाले नाही, ते आज आम्हाला आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

विषय आकाशातला असला तरी प्रश्न जमिनीवरचाच आहे. संगणकात आकडे घालून जी भाकिते काढतात त्यांवर साध्या माणसाने विश्वास ठेवावा की नाही, हा तो प्रश्न. आपल्याकडे यावर दोन पक्ष दिसतात. यंत्राने छापून दिलेला आकडा म्हणजे वेदवाक्य, असे एक पक्ष म्हणतो. ही सगळी अंदाजपंचे मंडळी, त्यांचे कोण ऐकतो, असे दुसरा म्हणतो. आमच्या मते दोन्ही पक्ष सारखेच आळशी आहेत. कारण हिशेब तपासण्याचे कष्ट दोघांनाही नकोत.

प्रतिमान म्हणजे काय

ज्या वस्तूला हात लावता येत नाही तिची आकड्यांत उभी केलेली प्रतिकृती, तिला प्रतिमान म्हणतात. इंग्रजी मॉडेल शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. हे प्रतिमान कामगाराला फोड करून सांगावे लागत नाही. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो तो निर्देशांक हे एक प्रतिमानच होय. त्यात एक कल्पित कामगार-कुटुंब धरलेले असते. ते इतके धान्य खाते, इतके कापड नेसते, इतके घरभाडे भरते, असे मानून महिन्याच्या महिन्याला त्याचा खर्च मोजतात. नेमके असे कुटुंब कोणत्याही चाळीत राहत नाही. तरी त्याच्या खर्चावर लाखो खऱ्या कुटुंबांचा पगार ठरतो. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी या निर्देशांकाविरुद्ध आवाज उठविला. सरकारने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या अहवालानंतर निर्देशांक सुधारला गेला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, निर्देशांकच नको अशी ती मागणी नव्हती. तो दुरुस्त करा अशी होती. प्रतिमानाशी वागण्याची हीच खरी रीत आहे. त्यात काय धरले आहे ते विचारावे, आणि मग बाजारात जाऊन भाव पाहावे. शनीच्या चंद्राबाबत शास्त्रज्ञांनी दुसरे काय केले? फक्त त्यांचा बाजार फार लांब होता, इतकेच.

पाऊण शतकाचा अंधार

टायटन हा शनीचा सर्वांत मोठा चंद्र. क्रिस्तियान हायगेन्स या डच विद्वानाला तो २५ मार्च १६५५ रोजी प्रथम दिसला. त्याचा व्यास सुमारे ५,१५० किलोमीटर, म्हणजे बुध ग्रहाहूनही तो मोठा. अंगाने निम्मा खडक आणि निम्मा बर्फ. तेथे वस्तूचे वजन पृथ्वीवरच्या सुमारे एकसप्तमांश भरते, आणि सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने शंभरात एक भाग पोहोचतो. दुर्बिणीतून पाहिले तर तो केवळ एक पिवळसर ठिपका.

त्या ठिपक्याला हवा असावी, हे पहिल्यांदा म्हणणारा मनुष्य बार्सेलोनाचा होता. होसे कोमास सोला याने १९०७ साली टायटनकडे पाहून लिहिले की, त्याची कड मध्यभागापेक्षा काळसर दिसते आणि हे हवेचे लक्षण आहे. इतक्या लहान ठिपक्याची कड त्याला खरोखर दिसली का, यावर पुढे पुष्कळांनी शंका घेतली. परंतु प्रश्न निघाला तो निघाला. इंग्लंडमध्ये जेम्स जीन्स यांनी वायूंच्या गतीचे गणित मांडले होते. वायूचे रेणू सतत धावत असतात. जितकी ऊब अधिक तितकी धाव अधिक, आणि रेणू जितका हलका तितकाही धावरा. लहान गोलाचे आकर्षण अशा धावऱ्या रेणूंना धरून ठेवू शकत नाही. म्हणून आपल्या चंद्राला हवा नाही. परंतु टायटन इतका थंड आहे की, हायड्रोजनपेक्षा सोळापट जड किंवा त्याहून जड रेणू तेथे युगानुयुगे टिकू शकतील, असे त्या गणितातून निघत होते. मिथेन वायूचा रेणू बरोबर तेवढा जड असतो. हवा ‘आहे’ असे गणित म्हणत नव्हते, ‘असू शकते’ एवढेच म्हणत होते. हा फरक जीन्स यांनी पाळला, आणि आम्हीही पाळला पाहिजे.

साक्षीदार मिळाला तो १९४४ साली. दुसरे महायुद्ध चालू होते. हायगेन्सच्याच देशात जन्मलेले जेरार्ड कायपर यांनी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, मॅक्डोनाल्ड वेधशाळेच्या ८२ इंची दुर्बिणीतून मोठमोठ्या उपग्रहांचे वर्णपट घेतले. टायटनच्या वर्णपटात त्यांना जे काळे पट्टे सापडले ते मिथेन वायूचे होते; गुरू आणि शनी यांच्या प्रकाशात तसेच पट्टे आधीच ओळखले गेले होते. टायटनला हवा आहे हे सिद्ध झाले. परंतु किती आहे, तळाशी दाब किती, थंडी किती, मिथेनबरोबर दुसरे काय आहे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पट्ट्यांत नव्हते.

दोन पक्ष

१९७० च्या सुमारास टायटनकडून येणारी उष्णता मोजता येऊ लागली, आणि घोटाळा झाला. काही लहरींत टायटन अपेक्षेपेक्षा उबदार दिसे. ही ऊब कोठली? कार्ल सेगन, जेम्स पोलॅक आदी मंडळी म्हणाली, हवेने घोंगडीसारखी जमिनीची ऊब अडवून धरली असेल. म्हणजे हवा दाट आणि जमीन बऱ्यापैकी उबदार. उलट रॉबर्ट डॅनिएल्सन, जॉन कॉल्डवेल आणि त्यांचे सहकारी म्हणाले, तसे काही नाही. हवेत उंचावर काळपट धूळ तरंगते आहे, ती ऊन खाऊन तापते आणि आपल्याला दिसते ती त्या धुळीची ऊब. जमीन मात्र थंडगार, आणि हवाही विरळ.

दोघांची प्रतिमाने आकड्यांत मांडली गेली. कॉल्डवेल यांच्या हिशेबाने तळाचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या सुमारे एकपन्नासांश, आणि तापमान शून्याखाली १८७ अंश सेंटिग्रेड. तिसरे प्रतिमान डोनाल्ड हंटन यांचे. त्यांचे म्हणणे असे की, वर्णपटात मिथेन दिसतो म्हणून हवेत मिथेनच मुख्य आहे असे नव्हे. नत्रवायू अशा वर्णपटात आपली खूणच ठेवत नाही. तो पुष्कळ असूनही दिसणार नाही. टायटनच्या जन्मकाळी असलेला अमोनिया उन्हाने फुटला असेल तर नत्रवायूचा मोठा साठा तयार झाला असेल. या हिशेबाने दाब पृथ्वीच्या वीसपटीपर्यंत आणि तापमान शून्याखाली सुमारे ७३ अंशांपर्यंत जाऊ शकत होते.

एकाच गोलाविषयी एक जण एकपन्नासांश म्हणतो आणि दुसरा वीसपट म्हणतो. म्हणजे दोघांच्या आकड्यांत हजारपटींचे अंतर! सामान्य माणूस म्हणेल, हे कसले शास्त्र? आम्ही म्हणू, शास्त्र येथेच दिसते. कारण प्रत्येकाने आपले गृहीत उघड्यावर मांडले होते, आणि काय मोजले म्हणजे आपण खोटे ठरू हेही त्यातून स्पष्ट होत होते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील रेडिओ दुर्बिणींच्या रांगेने १९७९ साली धुक्याआरपार येणाऱ्या लहरी पकडल्या, आणि जमिनीचे तापमान शून्याखाली सुमारे १८६ अंश, नऊ अंश इकडे-तिकडे, असे दिले. उबदार जमिनीचा पक्ष तेथेच ढासळला. परंतु दाबाचा वाद उरला.

व्हॉयेजरची साक्ष

१२ नोव्हेंबर १९८० रोजी व्हॉयेजर-१ हे यान टायटनच्या पृष्ठभागापासून सुमारे चार हजार किलोमीटरांवरून गेले. या भेटीसाठी किंमत मोजली गेली होती. टायटनला इतके खेटून गेल्यावर ते यान ग्रहांच्या पातळीतून वर फेकले जाणार होते, आणि पुढे कोणत्याही ग्रहाला त्याची भेट घडणार नव्हती. शिवाय व्हॉयेजर-१ ला हे काम साधले नसते तर व्हॉयेजर-२ ला टायटनकडे पाठवावयाचे, आणि युरेनस व नेपच्यून यांच्यावर पाणी सोडावयाचे, असेही ठरले होते. इतके मोल एका हवेचे!

कॅमेऱ्यांना नारिंगी धुक्याखेरीज काहीच दिसले नाही. खरे काम केले ते रेडिओने. यान टायटनच्या आड जाताना आणि पलीकडून बाहेर पडताना त्याचे संदेश हवेच्या थरांतून वाकत पृथ्वीवर आले. किती वाकले यावरून प्रत्येक उंचीवर हवा किती दाट हे काढता येते. परंतु येथे एक खोच आहे. या मापातून तापमान सरळ मिळत नाही. तापमान आणि हवेच्या रेणूचे सरासरी वजन यांचे गुणोत्तर तेवढे मिळते. हवा कशाची आहे हे कळल्यावाचून ती किती थंड हे सांगता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या उपकरणांची साक्ष लागली. अतिनील किरण मोजणाऱ्या उपकरणाने नत्रवायू ओळखला, आणि अवरक्त उपकरणाने मिथेनपासून बनलेले इथेन, ॲसिटिलीन, हायड्रोजन सायनाइड असे नाना पदार्थ दाखविले. सगळ्या साक्षी जुळवल्यावर निकाल लागला: हवा मुख्यतः नत्रवायूची, दाब पृथ्वीच्या जवळजवळ दीडपट, तापमान शून्याखाली १७९ अंश. थंडीमुळे ही हवा तळाशी आपल्या हवेच्या चौपट दाट भरते. व्यासाचाही उलगडा झाला. पूर्वी धुक्याची कड धरून मोजल्यामुळे टायटन सर्वांत मोठा चंद्र वाटे. आता तो मान गुरूच्या गॅनिमिडकडे गेला.

पक्षांचे काय झाले? नत्रवायूचा हंटन यांचा तर्क खरा ठरला, पण त्यांची सर्वांत जाड हवा निघाली नाही. उंचावरच्या तापलेल्या धुळीचा डॅनिएल्सन यांचा तर्क खरा ठरला, पण त्यांची विरळ हवा खोटी ठरली. म्हणजे प्रत्येकाच्या पदरात थोडे पडले.

थरांचा जमाखर्च

यानंतर खरी प्रतिमाने उभी राहिली. ती कशी बांधतात ते थोडक्यात सांगतो. हवेचे जमिनीपासून वरपर्यंत अनेक थर कल्पावयाचे. प्रत्येक थराचे एक खाते उघडावयाचे. वरून ऊन किती आले, त्यांतले किती या थराने ठेवून घेतले आणि किती खाली सोडले. खालून उष्णता किती आली, आणि थराने स्वतः वर-खाली किती दिली. जमा आणि खर्च बरोबर होईपर्यंत तापमान बदलत राहावयाचे. एका थराचे तापमान बदलले की शेजारच्याचे खाते बिघडते, म्हणून सगळी खाती पुन्हा पुन्हा लिहावी लागतात. खालचा थर फार तापला तर हवा उकळत्या भांड्यातल्या पाण्यासारखी वर चढते, तोही हिशेब घालावा लागतो. हेच काम संगणक करतो. त्यात जादू काही नाही, चिकाटी आहे.

परंतु प्रत्येक वायू किती उष्णता अडवितो हे आधी माहीत असावे लागते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? एकटा नत्रवायूचा रेणू उष्णता अडवीत नाही. पण थंड आणि दाट हवेत रेणूंची टक्कर होते त्या क्षणी ती जोडी उष्णता अडविते. नत्रवायूची नत्रवायूशी टक्कर, नत्रवायूची मिथेनशी आणि नत्रवायूची हायड्रोजनशी, अशा तीन टकरींचे हिशेब घालावे लागले. हायड्रोजन तर त्या हवेत हजारात एक-दोन भाग. तरी ज्या लहरी इतरांच्या हातून निसटतात त्यांना तो अडवितो, म्हणून त्याला वगळता येत नाही. धुक्याचाही प्रश्न होता. कॉर्नेल विद्यापीठात कार्ल सेगन आणि आपल्या देशात जन्मलेले बिशुन खरे यांनी नत्रवायू व मिथेन यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून तांबूस-तपकिरी राळ तयार केली. तिला त्यांनी १९७९ साली ‘थोलिन’ हे नाव दिले. ती राळ कोणता प्रकाश किती शोषते याची मापे पुढे प्रतिमानांत घातली गेली. एका बाटलीतल्या चिकट थराने आकाशातल्या धुक्याची जागा भरून काढली.

ख्रिस्तोफर मॅके, जेम्स पोलॅक आणि रेजिस कुर्तँ यांनी १९८९ साली असा पुरा जमाखर्च प्रसिद्ध केला, आणि १९९१ साली त्याचा निष्कर्ष सांगितला. हवा नसती तर टायटन शून्याखाली १९१ अंश थंड राहिला असता. वायूंची घोंगडी त्याला २१ अंश उबदार करते. परंतु वरचे धुके ऊन वरच्या वर खाऊन टाकते आणि खालची उष्णता मात्र जाऊ देते. या उलट्या घोंगडीने ९ अंश कमी होतात. निव्वळ शिल्लक १२ अंश. ती मिळविली की बरोबर व्हॉयेजरने मोजलेला आकडा येतो. वीस वर्षांपूर्वी घोंगडीवाले आणि धुळीवाले भांडत होते. हिशेब पुरा झाला तेव्हा दोघांचीही रक्कम एकाच पानावर लिहावी लागली.

पॅराशूट किती मोठे

आता प्रतिमान कागदावरून कारखान्यात गेले. युरोपच्या अंतराळ संस्थेने टायटनच्या हवेत उतरणारे हायगेन्स यान बांधावयास घेतले. अमेरिकेचे कॅसिनी यान त्याला पाठीवर घेऊन जाणार होते. यान सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने हवेत शिरणार. उष्णतेची ढाल किती जाड करावी? पॅराशूट कोणत्या उंचीला उघडावे, आणि किती मोठे असावे? हवा कल्पनेपेक्षा विरळ निघाली तर यान फार खाली येईपर्यंत वेगातच राहील. दाट निघाली तर ते इतके सावकाश उतरेल की तळ गाठण्याआधीच बॅटरी संपेल. एकदा कॅसिनीपासून सुटल्यावर हायगेन्सला कोणतीही आज्ञा पोहोचणार नव्हती. जे काही ठरावयाचे ते घड्याळावर आणि हिशेबावर.

रॉजर येल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अभियंत्यांसाठी जी प्रतिमाने प्रसिद्ध केली, त्यांत आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचे मर्म आहे. त्यांनी एक आकडा दिला नाही, तीन दिले: कमीत कमी हवा, शिफारस केलेली हवा आणि जास्तीत जास्त हवा. आम्हाला इतके माहीत आहे, आणि आमची चूक झाली तर ती या दोन कुंपणांच्या आत असेल, असा त्याचा अर्थ. यान असे बांधावयाचे की ते तिन्ही हवांत तगेल. प्रामाणिक हिशेबनीस आणि भविष्यवाला यांच्यात फरक आहे तो हाच.

कॅसिनी-हायगेन्स १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले. वाटेत एक दोष उघडकीला आला. बोरिस स्मेड्स या स्वीडिश अभियंत्याने आग्रह धरून २००० साली पृथ्वीवरून कॅसिनीच्या रेडिओची परीक्षा घेतली. चालत्या गाडीची शिटी जवळ येताना आणि दूर जाताना जशी बदलते, तसे बदललेले संदेश पाठवून पाहिले. आणि हायगेन्सचे असे संदेश कॅसिनीला वाचताच येणार नाहीत असे दिसून आले. यान परत बोलावता येत नव्हते. तेव्हा कॅसिनीचा मार्गच बदलला. १,२०० किलोमीटरांवरून जाण्याऐवजी ते साठ हजार किलोमीटरांवरून जाणार, म्हणजे लहरी कमी बदलतील. आणि उतरण्याची तारीख नोव्हेंबर २००४ वरून जानेवारी २००५ वर गेली. हिशेब बरोबर असेल असे म्हणत स्वस्थ बसलेल्या अनेकांपेक्षा ‘एकदा करून तर पाहू’ म्हणणारा एक मनुष्य कामाला आला. कोणत्याही कारखान्यात असा मनुष्य असतो, आणि बहुधा तो कटकट्या म्हणून ओळखला जातो.

१४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स टायटनच्या हवेत शिरले. ढाल टिकली, पॅराशूट उघडले, आणि २ तास २८ मिनिटांनी यान ओलसर, वाळूसारख्या जमिनीवर टेकले. भोवती बर्फाचे गुळगुळीत गोटे पडले होते. त्यानंतरही कॅसिनीला ७२ मिनिटे त्याचे बोलणे ऐकू आले. यानाने मोजलेले तापमान शून्याखाली १७९.५ अंश, आणि दाब १,४६७ मिलिबार. पंचवीस वर्षांपूर्वी रेडिओच्या वाकलेल्या लहरींवरून काढलेला आकडा सुमारे १,५०० मिलिबार होता. तळाच्या हवेत नत्रवायू शंभरात ९५ भाग आणि मिथेन सुमारे ५ भाग निघाला.

जेथे हिशेब चुकला

येथे टाळ्या वाजवून थांबले तर आम्ही अर्धाच इतिहास सांगितल्यासारखे होईल. प्रतिमाने चुकलीही, आणि चांगलीच चुकली. उन्हाने मिथेन फुटतो आणि त्यातून इथेन बनते, या हिशेबाने १९८३ साली असे भाकीत केले गेले की, सर्व टायटनवर सुमारे एक किलोमीटर खोल इथेनचा समुद्र पसरला असेल. तो निघाला नाही. कॅसिनीच्या रडारने विषुववृत्ताजवळ काळ्या टेकड्यांची मैलोगणती वाळवंटे दाखविली, आणि द्रवाची सरोवरे सापडली ती मुख्यतः उत्तर ध्रुवाकडे. फुटून जाणारा मिथेन कोठून भरून येतो, हा प्रश्न अद्याप वादाचाच आहे. धुके खालच्या हवेत निवळेल असे मानले होते. ते जमिनीपर्यंत होते.

वाऱ्याची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. व्हॉयेजरच्या तापमानांवरून एवढे निघत होते की, उंचावर वारा फार जोराचा असावा. पण पूर्वेकडे की पश्चिमेकडे हे त्या समीकरणातून कळत नव्हते. पॅरिस येथील शास्त्रज्ञांनी १९९५ साली संगणकावर साऱ्या गोलाची हवा फिरवून पाहिली, तेव्हा ती टायटनच्या फिरण्याच्याच दिशेने, त्याहून कितीतरी वेगाने धावू लागली. हायगेन्सवर वारा मोजण्याचा प्रयोग होता. त्यासाठीचा रेडिओमार्ग चालू करण्याची आज्ञाच कॅसिनीला द्यावयाची राहिली, आणि तो मार्ग वाया गेला. पण पृथ्वीवर ग्रीन बँक, पार्क्स इत्यादी ठिकाणच्या रेडिओ दुर्बिणींनी हायगेन्सची क्षीण हाक स्वतंत्रपणे पकडली होती. तिच्यावरून १२० किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ४३० किलोमीटरांचा वारा निघाला, आणि त्याची दिशा प्रतिमानाने सांगितलेलीच होती. मात्र मध्ये, ६० ते १०० किलोमीटरांच्या पट्ट्यात, वारा जवळजवळ पडलेला सापडला. तो कोणाच्याही हिशेबात नव्हता.

वाळूच्या टेकड्यांनीही असेच कोडे घातले. त्यांच्या आकारावरून वारा पूर्वेकडे वाहतो असे दिसे, आणि प्रतिमाने म्हणत, विषुववृत्ताजवळ जमिनीलगतचा वारा बहुधा पश्चिमेकडे वाहतो. तेत्सुया तोकानो यांनी २०१० साली दाखविले की, वर्षातून थोडाच काळ, दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, पूर्वेकडे जोराचे झोत वाहतात, आणि वाळू हलविण्याचे काम जोराचा वाराच करतो. मंद वारा वर्षभर वाहिला तरी कण हलत नाही. सरासरीवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात धरावे. सरासरी पगाराचा आकडा पाहून कोणाच्या घरची चूल कळत नाही.

आपल्या हवेपर्यंत

आता मुद्द्यावर येतो. टायटनवरचा जमाखर्च ज्या पद्धतीने मांडला ती पद्धत टायटनसाठी जन्मली नव्हती. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांनी १९६७ साली पृथ्वीच्या हवेचे थर कल्पून असाच हिशेब केला, आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जमीन किती तापेल ते सांगितले. मानाबे यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. टायटनची घोंगडी २१ अंशांची, तर पृथ्वीची सुमारे ३३ अंशांची; ती नसती तर आपले समुद्र गोठले असते. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. धुक्याच्या उलट्या घोंगडीचेही तसेच. ज्या जेम्स पोलॅक यांनी टायटनचे धुके मोजले, त्यांचेच नाव १९८३ सालच्या एका निबंधावर आहे. अणुयुद्ध झाले तर जळत्या शहरांचा धूर आकाश झाकील आणि खाली पिके गोठविणारी थंडी पडेल, असा इशारा पोलॅक, सेगन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्यात दिला होता.

हे सारे केवळ कागदी गणित आहे असे कोणी म्हणाला, तर त्याला टायटनकडे बोट दाखवावे. जेथे जंगल नाही, कारखाना नाही, अशा सर्वस्वी परक्या हवेत तेच गणित लावले आणि तळाच्या थंडीचे कोडे सुटले. ज्या हवेत आपण श्वास घेतो आणि जिची दररोज हजारो ठिकाणी मापे घेतली जातात, तिच्याविषयी ते गणित बोलू लागले तर कान झाकून घेणे शहाणपणाचे नाही. वैशाखात सडकेवर खडी पसरणाऱ्या, भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला एकेक अंश अंगावर मोजावा लागतो. त्याने तर हा हिशेब मुळीच दुसऱ्याच्या हाती सोडू नये.

आणि जो भक्तिभावाने प्रत्येक आकड्यापुढे हात जोडतो, त्यालाही टायटनच दाखवावा. एक किलोमीटर खोल समुद्राचे भाकीत आणि मध्येच पडलेला वारा दाखवावा.

टायटनचे काम संपलेले नाही. कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या हवेत विलीन झाले. आता ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाचे आठ पंख्यांचे उडते यान २०२८ साली निघावयाचे आणि २०३४ साली टायटनवर उतरावयाचे, असे ठरले आहे. हवा चौपट दाट आणि वजन एकसप्तमांश, म्हणून तेथे उडणे पृथ्वीपेक्षा सोपे, हाही हिशेबच. त्याचीही परीक्षा व्हावयाची आहे.

तोवर आपण एवढे करावे. कोणीही, मग तो सरकारचा असो, कंपनीचा असो, की आमच्यासारख्या संघटनेचा असो, भाकिताचा आकडा घेऊन आला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्या. यात धरले काय आहे? कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? आणि काय मोजले म्हणजे तू चुकलास असे आम्ही समजावे? ज्याच्याजवळ या तिन्हींची उत्तरे आहेत त्याचे ऐकावे. ज्याच्याजवळ नाहीत, त्याला ती घेऊन पुन्हा ये म्हणून सांगावे.